बा म्हणजे लेडीज की जेन्ट्स?

हा प्रश्न मी आजही फोनवर विचारते. समोरची बाई हसते. हसू दे. एकदा तो न विचारल्यामुळे काय झालं ते मला माहीत आहे.

गोष्ट २००९ सालची. मी तेव्हा घाटकोपरला एका लॅबमध्ये होते. सकाळी सहा ते आठ फोनवर बुकिंग घ्यायचं आणि आठ वाजता थंड डबा खांद्याला अडकवून घरोघरी रक्त काढायला निघायचं. एका सकाळी एका गुजराती घरातून फोन आला. सून बोलत होती, हिंदीत. "बा का ब्लड टेस्ट कराना है, घर पे आके ले जाइए." मी नाव विचारलं. "कंचन", मग आडनाव. वय ७४. मी फॉर्मवर लिहिलं कंचन अमुक, ७४, आणि पुढच्या चौकोनात बिनदिक्कत 'पुरुष'वर खूण केली. बा म्हणजे बाप. त्यात विचारायचं काय? आमच्या गल्लीत कंचन नावाचा वाणी होता, त्यामुळे नावानेही काही घंटी वाजली नाही.

सॅम्पल आणायला माझा सहकारी गेला होता. त्याने बांना बघितलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त भरलं, नळीवर नाव लिहिलं. फॉर्म तपासायची त्याला गरज वाटली नाही. हिमोग्लोबिन आलं १२.४. आता गंमत अशी की रिपोर्टवर शेजारी जी 'नॉर्मल' म्हणून रेंज छापली जाते ती कॉम्प्युटर स्वतःच टाकतो, बाई की पुरुष ते बघून. आमच्याकडे बायकांना १२ ते १५ आणि पुरुषांना १३ ते १७ होती. म्हणजे ७४ वर्षांच्या बाईला अगदी चांगलं असलेलं १२.४ त्या कागदावर ठळक अक्षरात 'कमी' म्हणून उमटलं.

घरात धावपळ. काळे खजूर, डाळिंबाचा रस. मुलाने तर कुठे आतल्या आत रक्त जातंय का म्हणून सोनोग्राफीची वेळसुद्धा घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, हा रिपोर्ट नक्की कुणाचा?

सूनबाईंचा फोन मीच उचलला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हसत होती. "मॅडम, आपने तो हमारी बा को कंचनबेन से कंचनभाई बना दिया!"

मी माफी मागितली, रिपोर्ट दुरुस्त करून स्वतः नेऊन दिला. कंचनबा झोपाळ्यावर बसल्या होत्या, पांढरी साडी, डोक्यावर पदर. मी म्हटलं, तुमच्याकडे बा म्हणजे आई, आमच्याकडे बा म्हणजे बाप. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी आतून आणखी दोघींना बोलावून मला परत सांगायला लावलं. येताना खाकऱ्याचं पाकीट दिलं. मालकांनी मात्र पगारातून त्या टेस्टचे पैसे कापले. रीतसरच होतं ते.

खरं तर मला कळायला हवं होतं. शाळेची सहल पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये गेली होती, तिथे कस्तुरबांची समाधी आहे. गांधीजींबरोबर त्यांना तिथे अटकेत ठेवलं होतं आणि २२ फेब्रुवारी १९४४ला त्या तिथेच गेल्या. गुरुजी म्हणाले, "ही बांची समाधी." सगळे त्यांना बा म्हणायचे आणि गांधीजींना बापू, असंही सांगितलं. आम्ही सीमेवरच्या खेड्यातली पोरं. आमच्या लेखी बा पण बाप आणि बापू पण बापच. एका घरात दोन बाप कसे, हा प्रश्न मला आगाखान पॅलेसपासून स्वारगेटपर्यंत पुरला. कुणाला विचारला नाही, हे चुकलं. तेव्हा विचारला असता तर कंचनबांची सोनोग्राफी टळली असती.

आता आमच्या घरचं सांगते, म्हणजे माझा गोंधळ मुळात किती जुना आहे ते कळेल.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. वडील मराठी, आई कानडी. आईचं माहेर भीमेपलीकडे इंडीकडे, जिथली लिंबं आमच्या सोलापूरच्या बाजारात येतात तिथलं. आम्ही वडलांना बा म्हणायचो आणि आईला अव्वा. बा मराठीत बोलायचा, अव्वा कानडीत. एकमेकांचं त्यांना पुरतं कळायचं, पण भाषा कुणी सोडली नाही. भांडणसुद्धा दोन भाषांत व्हायचं. तो मराठीत चढायचा, ती कानडीत उतरवायची.

आणि कानडीत 'बा' म्हणजे 'ये'.

झालं! अव्वा चुलीपाशी बसून मला हाक मारायची, "इल्लि बा." इकडे ये. मी चार-पाच वर्षांची असेन. 'इल्लि' मला कळायचं आणि 'बा'सुद्धा कळायचा, पण कुठला बा ते त्या क्षणी ठरायचं नाही. मी वळून दाराकडे बघायचे, बा आला की काय. दार रिकामं. अव्वा परत म्हणायची, "बाऽ". मी परत दाराकडे. मग ती चिमट्याने ताटलीवर ठण्णकन वाजवायची आणि मी धावत जायचे. हा प्रकार आमच्या घरात सांगून सांगून झिजलाय, पण बघायला पाहुणे मात्र तेव्हा खरंच बसायचे म्हणे.

उलट बाजूने तर आणखी मजा. शेतात भाकरी पोचवायचं काम माझ्याकडे. बांधावर उभी राहून मी ओरडायचे, "बाऽऽऽ". ज्वारी उंच वाढलेली, माणूस दिसायचा नाही. थोड्या वेळाने कणसं हलायची आणि बा बाहेर यायचा. "कशाला वरडायलीस गं?" म्हणायचा. शेजारच्या रानात एक कानडी कुटुंब होतं. त्यातली म्हातारी एकदा अव्वाला म्हणाली, तुझी पोरगी बापाला 'ये, ये' करून हुकूम सोडते, जरा वळण लाव. कारण कानडीत मोठ्या माणसाला 'बा' म्हणत नाहीत. त्याला 'बर्री' म्हणायचं, या हो. 'बा' फक्त आपल्याहून लहानाला, लेकराला, फार तर बरोबरीच्या मैत्रिणीला. अव्वाने जन्मात कधी नवऱ्याला बा म्हटलं नाही. "केळ्री" म्हणायची, म्हणजे ऐका. (ते ऐकून मला केळं आठवायचं. आणि केळ्याला कानडीत म्हणतात बाळे. मग आमच्या मराठी आजीने कुणाच्या बाळाला 'बाळ' म्हटलं की अव्वाच्या माहेरची पोरं खुदुखुदु हसायची. त्यात अव्वाकडे आजीला 'आयी' म्हणतात आणि 'तायी' म्हणजे आई. त्या घरात मी नातीच नीट शिकले नाही तर दोष कुणाचा?)

म्हणजे बघा, मराठीत बा खालून वर जातो, लेकराकडून बापाकडे. कानडीत बा वरून खाली येतो, मोठ्याकडून लेकराकडे. आमच्या सोप्यात दोन्ही दिवसभर ये-जा करायचे.

एकच ठिकाण असं होतं जिथे दोघांचा बा एकाच दिशेने गेला. आषाढीच्या आधी आमचं घर पंढरपूरला जायचं. भीमेच्या पलीकडून कानडी वारकरीही येतात. गर्दीत ढकलाढकली, पायाखाली चिखल. कळसासमोर बा हात जोडून म्हणायचा, "बा विठ्ठला." शेजारी अव्वा हात जोडून म्हणायची, "बा विठ्ठला." त्याने देवाला बाप म्हटलं. तिने देवाला 'ये' म्हटलं, तेही लेकराला म्हणतात तसं. देवाला 'बर्री' म्हणत नाहीत कानडीत, एवढी सलगी असतेच. ज्ञानेश्वरांनी त्याला 'कानडा हो विठ्ठलु' म्हणून ठेवलं आहे. त्या शब्दाचा अर्थ प्रांत की अगम्य, यावर विद्वान वाद घालतात. आमच्या घरापुरतं बोलायचं तर त्याला दोन्ही कळत असणार, आणि नाहीच कळलं तरी दोघांना प्रसाद सारखाच मिळायचा.

ठाण्याला आमच्या सोसायटीत एक बाई दर शुक्रवारी भीमसेन जोशींचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' लावतात. पंडितजी मूळचे गदगकडचे, राहिले पुण्यात, त्यामुळे कानडी पद आणि मराठी अभंग दोन्ही त्यांच्या गळ्यात घरचेच. त्या बाईंनी मला एकदा विचारलं, ही बारम्मा देवी कुठली हो, यल्लम्मासारखी? मी म्हटलं, बारम्मा देवी नाही. 'बा' आणि 'अम्मा'. ये गं आई, असं लक्ष्मीला बोलावणं चाललंय. बाईंचा चेहरा जरा पडला. वीस वर्षं त्या बारम्मेला नमस्कार करत होत्या. मग मलाच वाटलं, उगाच सांगितलं.

मराठीतला बा तरी कुठे एका जागी बसतो? आजोबात आहे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, बिरोबात आहे. पालघरकडचे आदिवासी वाघोबाला पुजतात, त्यात आहे. नागोबात आहे. माझं निरीक्षण असं की ज्याची जरा भीती वाटते त्याला आपण बा चिकटवतो, बाप म्हटलं की बहुतेक चावणार नाही. चांदोबा तेवढा अपवाद, तो बिचारा काही करत नाही. आणि मग वाक्याच्या शेवटी लोंबणारा बा. नको बा. असेल बा. विदर्भाकडे तर त्याशिवाय वाक्य संपत नाही. आमच्याकडे अकोल्याची एक मुलगी होती, पहिल्यांदा सुई धरायला दिली तर म्हणाली, "मले भेव लागते बा."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे एक वॉचमन येतोय.

मुलुंडच्या एका टॉवरचा वॉचमन. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, सहा फूट, मिशा. कंपनीच्या मेडिकलसाठी सगळ्या स्टाफचं रक्त घ्यायचं होतं. इतर सगळे हात पुढे करून मोकळे झाले. हा खुर्चीत बसला, दंडाला पट्टा बांधला आणि त्याने डोळे गच्च मिटले. मी सुईचं टोपण काढलं तसा हळूच म्हणाला, "डर लागत बा."

माझा हात थांबला. बलियाचा माणूस आणि वऱ्हाडी बोलतोय? मी विचारलं, विदर्भात होतात का? त्याने एक डोळा उघडला. "ना दीदी, हम त मुंबईये आइल बानी." तेव्हा मला उलगडलं. 'का हाल बा', 'सब ठीक बा' मी लोकलमध्ये, भाजीवाल्याकडे रोज ऐकत होते, पण कधी कानात शिरलं नव्हतं. भोजपुरीत बा म्हणजे 'आहे'. त्याला 'भीती वाटते आहे' म्हणायचं होतं. अकोल्याच्या पोरीला 'भीती वाटते बाई' म्हणायचं होतं. दोघांची वाक्यं शब्दाला शब्द जुळत होती आणि बा मात्र निराळा. भीती तेवढी सारखी. मी त्याला सांगितलं, तिकडे बघा. तो तिकडे बघेपर्यंत नळी भरली होती.

माझी भाची पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. घरात कुणी आजारी पडलं तर मला फोन येतो, कुणी शब्दावरून अडलं की तिला. मी तिला हे सगळे बा एका दमात सांगितले. ती म्हणाली, मावशी, तुझ्या कानडी बाला आणि वॉचमनच्या बाला दोघांनाही आधी व होता.

कानडीचा बा तमिळमध्ये 'वा' आहे. तमिळच्या पुष्कळ शब्दांत सुरुवातीला व असतो तिथे कानडीत ब येतो. तिने उदाहरण दिलं तेही केळ्याचंच निघालं. तमिळमध्ये वाळै, कानडीत बाळे. तेलुगूत त्याच धातूची मोडतोड होऊन 'रा' झाला. तीन बहिणी, वा, बा, रा, तिघींचा अर्थ 'ये'. आणि भोजपुरीचा बा निघाला संस्कृत 'वर्तते'मधून. वर्तते, मग बाटे, मग घासून घासून नुसता बा. तिकडे व असाही ब होतोच. विहारचा बिहार झाला. आपल्या वाटेला हिंदीत बाट म्हणतात. मराठीने व सांभाळला. म्हणजे वॉचमनचा बा आणि अव्वाचा बा यांचं रक्ताचं नातं काही नाही, दोघांनी एकाच दुकानातून सदरा घेतला एवढंच. मराठी बा या भानगडीत नाहीच. तो बापाचा अर्धा.

मी म्हटलं, आणि 'रा'? मला सातवीत सोलापूरला शिकायला ठेवलं होतं. तिथे पूर्व भागात माझी एक मैत्रीण राहायची, पद्मशाली, घरात तेलुगू आणि माग. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तर तिची आई मागावरून मान वर करून म्हणाली, "रा." आमच्याकडे 'रा' म्हणजे राहा, थांब. मी उंबऱ्याबाहेर थांबले. ती परत, "रा, रा." मी आणखी घट्ट उभी. आत धोटा खटाखट चाललेला, टॉवेलाला किनार भरतेय, आणि बाहेर मी आज्ञाधारक मुलीसारखी उन्हात. शेवटी मैत्रिणीने हाताला धरून ओढलं. एकीने ये म्हणायचं आणि दुसरीने थांबायचं, सोलापुरात हे चालायचंच.

भाचीने आणखी बरंच सांगितलं. चिनी भाषेत बा म्हणजे आठ, आणि सूर खाली पाडला की बाप. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील. लेकराला आधी ओठांचेच आवाज जमतात, मा, बा, पा. ते काय म्हणतंय ते त्याला ठाऊक नसतं, जवळ उभे असलेले मोठे लोक आपापल्या नावावर लावून घेतात. गुजरातमध्ये आई पुढे सरकली, आमच्यात बाप. मी अजून चिनी माणसाचं रक्त काढलेलं नाही आणि जॉर्जियनाचंही नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.

ज्यूंचं मात्र सांगते. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलजवळ बेने इस्राएल लोकांचं जुनं सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. हे लोक आपल्याच कोकणातले, मराठी बोलणारे, रायगडात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. पुष्कळजण इस्राएलला गेले. त्यातल्या एक आजी इथेच राहिल्या. आडनाव रायगडातल्या एका गावावरून, शेवटी 'कर'. दर तीन महिन्यांनी त्यांची साखर तपासायला मी जायचे, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, म्हणजे एका दिवसात दोन फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मधे त्या मला पोहे खाऊ घालायच्या आणि नातवाची तक्रार करायच्या.

नातू इस्राएलमध्ये, अश्दोदला. मराठी तुटकं. फोनवर आजीने विचारलं, कधी येतोस, की तो हिब्रूत म्हणतो, "अनी बा." आजी म्हणाल्या, "पहिल्यांदा मला वाटलं, पोरगा म्हणतोय 'आणि बा'. म्हणजे हा येणार आणि बापालाही आणणार. मी दोघांच्या गाद्या उन्हात टाकल्या." हिब्रूत 'अनी' म्हणजे मी. 'बा' म्हणजे येतोय, किंवा आला. लग्नात नवरानवरी आत आले की 'बारूख हबा' म्हणतात, येणाऱ्याचं भलं असो. मी त्यांना म्हटलं, आजी, आमच्या अव्वाच्या भाषेतही बा म्हणजे ये! त्यांनी मला नीट बघितलं, जसं काही माझ्यात एखादा ज्यू पूर्वज दिसतोय. भाचीच्या मते हा शुद्ध योगायोग. ओठ मिटून उघडले की बा होतो, जगात भाषा हजारो, अर्थ कुठेतरी एकमेकांवर येऊन पडणारच. आजींना मी योगायोग वगैरे सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं बरं आहे. ती 'ये' म्हणते. आमचा हा 'येतो' म्हणतो, चार वर्षं झाली." आणि बाहीचा बोळा वर सरकवून हात पुढे केला.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सोलापूर, तिथून एसटी. बा जाऊन नऊ वर्षं झाली. अव्वा आता ऐंशीच्या पुढे. तिचं मराठी हळूहळू गळून चाललंय, कानडी तेवढं उरलंय. मला बघून म्हणाली, "बंद्याऽ?" आलीस? मी म्हटलं, बंदे. नळ्या बरोबर नेल्याच होत्या. सोप्यात तिला भिंतीला टेकवून बसवलं, पट्टा बांधला. शीर सापडेना. म्हाताऱ्या माणसाची शीर सरकते, अंगठ्याने खालून ताणून धरावी लागते. एकदा हुकली. दुसऱ्यांदा मिळाली. अव्वा म्हणाली, "नोविल्ला." दुखत नाही. फॉर्मवर मी स्त्री लिहिलं.

तेवढ्यात दारात शेजारचं पोरगं येऊन उभं राहिलं. तीन-साडेतीन वर्षांचं, घरात नुसती मराठी, चड्डीचं बटण तुटलेलं. रक्ताची नळी बघून दारातच थबकलं होतं. अव्वाने दुसऱ्या हाताने डब्यातलं बिस्कीट काढलं आणि त्याच्याकडे धरलं.

"बा," ती म्हणाली.

मी त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिले, आता मागे वळेल म्हणून. त्याचा बाप समोरच ओट्यावर मोबाईल बघत बसला होता. पण पोरगं बापाला पप्पा म्हणतं. आख्ख्या गल्लीत आता सगळेच पप्पा म्हणतात.

ते सरळ आत आलं आणि बिस्कीट घेऊन गेलं.